नजर राखणारे डाग

९ जुलै १९४५. युरोपातलं महायुद्ध संपून दोनच महिने झाले होते. बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेल्या हॅम्बुर्ग शहरातून त्या दिवशी सूर्यग्रहण दिसलं. ते पाहणाऱ्यांत वैद्यकशास्त्राचा एक विद्यार्थी होता. सूर्याकडे रोखून पाहिल्याच्या त्या काही क्षणांनी त्याच्या नजरेच्या ऐन मध्यावर डाग पाडला. त्याचा डोळा तपासला गेर्ड मायर-श्विकेराथ या पंचविशीतल्या नेत्रवैद्याने.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, त्याला एक लहानसा, रेखीव व्रण दिसला. सूर्याने पडदा भाजला होता. अशा जखमा वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होत्या आणि त्यांतून घ्यायचा धडा एकच होता: सूर्याकडे पाहू नका. मायर-श्विकेराथला मात्र वेगळाच प्रश्न पडला. डोळा न कापता, आत सुईसुद्धा न घालता पडद्यावर इतका नेमका व्रण उमटतो; मग तो आपल्याला हवा त्या जागी, हवा तेवढाच उमटवता येईल का?

मुळात व्रण हवा कशाला? याचं उत्तर त्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षं स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ज्यूल गोनँ या नेत्रवैद्याने दिलं होतं. डोळ्याचा पडदा आपल्या जागेवरून सुटला की माणूस आंधळा होई, आणि त्यावर इलाज नाही असंच सगळे धरून चालत. गोनँने दाखवून दिलं की बहुतेक वेळा पडद्याला आधी एक फाट पडते. त्या फाटीतून डोळ्यातलं पाणी पडद्यामागे शिरतं आणि पडदा उचलला जातो. फाट शोधून तिथे डाग दिला, तर जखम भरताना पडदा मागच्या थराला चिकटतो आणि पाण्याची वाट बंद होते. पण हा डाग देण्यासाठी डोळ्यावर शस्त्रक्रिया करून, बाहेरच्या बाजूने तापलेलं टोक लावावं लागे. हॅम्बुर्गच्या त्या विद्यार्थ्याच्या डोळ्यात तसाच व्रण होता, आणि तो करायला कुणी डोळ्याला हातही लावला नव्हता.

प्रकाशाने हे कसं साधतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या शरीरात आरपार पाहता येईल असे अवयव जवळजवळ नाहीतच. डोळा हा अपवाद. पुढचं पारदर्शक पटल, त्यामागचं पाणी, भिंग, मग डोळ्याची पोकळी भरून राहिलेला जेलीसारखा द्रव, हे सगळं प्रकाशाला वाट देतं. एवढंच काय, खुद्द रेटिनासुद्धा बहुतांशी पारदर्शकच असतो. सरासरी पाव मिलिमीटर जाडीच्या या पडद्यात दहा कोटींच्या आसपास दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. त्यांच्या अगदी मागे, एकाच पेशीच्या जाडीचा एक काळसर थर असतो. त्यात मेलॅनिन असतं, आपल्या त्वचेला आणि केसांना रंग देणारं तेच द्रव्य. इतका वेळ कुठेही न अडलेला प्रकाश या काळ्या थरात अडतो, शोषला जातो आणि त्याची उष्णता होते. तापमान पुरेसं चढलं की आसपासची प्रथिनं थिजतात. तव्यावर घातलेल्या अंड्याचा पारदर्शक भाग जसा बघता बघता पांढरा होतो, तसाच पारदर्शक पडद्यावर पांढुरका ठिपका उमटतो. पडद्यापर्यंतच्या वाटेतल्या एकाही थराला धक्का लागत नाही. ज्या वाटेने आपण जग पाहतो, त्याच वाटेने वैद्य आत पाहतो आणि त्याच वाटेने इलाजही आत जातो.

मायर-श्विकेराथने पहिला प्रयोग केला तो खुद्द सूर्यप्रकाशावर. १९४९ मध्ये हॅम्बुर्ग-एपेन्डॉर्फच्या रुग्णालयाच्या गच्चीवर त्याने स्वतः जुळवलेलं एक यंत्र उभं केलं. आरसे सूर्याला धरून ठेवायचे, त्याचा झोत यंत्रात वळवायचे आणि तिथून तो रुग्णाच्या डोळ्यात मोजून सोडला जायचा. ज्या सूर्याने एका विद्यार्थ्याची नजर बिघडवली, त्याच सूर्याने आता फाटलेला पडदा जागेवर चिकटवायला सुरुवात केली. अडचण एवढीच की हॅम्बुर्गचं आकाश बरेचदा ढगाळ असे, आणि स्वच्छ दिवसाची वाट पाहायला पडद्याच्या फाटीला वेळ नसे. म्हणून मग कार्बनच्या कांड्यांमधल्या ठिणगीचा दिवा आला. त्यानंतर १९५० च्या दशकात झाइस कंपनीच्या साह्याने झेनॉन वायूच्या दिव्याचं यंत्र तयार झालं आणि ही पद्धत जगभरच्या रुग्णालयांत पोचली.

झेनॉनचा प्रकाश पांढरा, म्हणजे सगळ्या रंगांची सरमिसळ. तो फार बारीक ठिपक्यावर आणता येत नसे. भाजण्याला वेळ लागे, रुग्णाला दुखे, डोळ्यामागे इंजेक्शन देऊन तो बधिर करावा लागे. या घडीला भौतिकशास्त्र मदतीला आलं. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथल्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या एका लहान कांडीतून जगातला पहिला लेझर किरण काढला. एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा, केसाहून बारीक ठिपक्यावर आणता येणारा प्रकाश. 'हा शोध तर लागला, पण याचा उपयोग काय?' असं तेव्हा भलेभले विचारत होते. नेत्रवैद्यांना असं विचारावं लागलं नाही. १९६१ साल संपायच्या आत न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स कॅम्पबेल यांनी माणकाच्या लेझरने एका रुग्णाच्या पडद्यावरची गाठ जाळली. माणसाच्या शरीरावर इलाज म्हणून लेझर वापरला गेल्याची ही अगदी पहिल्यापैकी घटना.

माणकाचा किरण लाल होता, आणि लाल प्रकाश रक्त फारसं शोषत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आर्गॉन वायूचा निळा-हिरवा लेझर आला, तो रक्ताला आणि मेलॅनिनला दोघांनाही नेमका लागू पडणारा. पुढे अनुभवाने निळा भाग गाळला गेला, कारण नजरेच्या केंद्राशी निसर्गाने एक पिवळं द्रव्य ठेवलेलं आहे आणि ते निळा प्रकाश शोषून घेतं. म्हणजे जिथे भाजायचं नाही तिथेच भाजण्याचा धोका. आज बहुतेक ठिकाणी हिरवा किरण वापरतात, काही ठिकाणी पिवळा. रंग निवडणं म्हणजे डोळ्यातला कोणता थर तापवायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवणं.

हा इलाज आज कसा होतो, ते जवळून पाहू. रुग्णाच्या डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात, दुसरा थेंब घालून डोळा बधिर करतात. खोलीत अंधार करतात. रुग्ण यंत्रासमोर बसतो, हनुवटी टेकवतो, कपाळ पट्टीला लावतो. डॉक्टर एक खास भिंग, त्यावर चिकट जेल लावून, त्याच्या डोळ्यावर धरतात. त्या भिंगातून पडदा नारिंगी-लाल मैदानासारखा उजळून दिसतो: त्यावरच्या शिरा, पिवळसर गोल मज्जातंतूचं मुख, आणि बाजूला थोडा गडद असा मध्यबिंदू. त्या मध्यबिंदूनेच आपण अक्षरं वाचतो आणि चेहरे ओळखतो, म्हणून त्याला लेझर चुकूनही लागू द्यायचा नाही. निशाणीचा मंद ठिपका जागेवर आणायचा आणि पायाखालचं पेडल दाबायचं. रुग्णाला लख्ख चमक दिसते, डॉक्टरांना पडद्यावर एक फिकट पांढरा ठिपका उमटलेला दिसतो. ताकद पाव वॉटच्या आसपास, वेळ एक दशांश सेकंद. नव्या यंत्रांत तर एका ठिपक्याला सेकंदाचा पन्नासावा भागच लागतो, आणि पेडल एकदा दाबलं की ठिपक्यांची आखीव नक्षीच उमटते. काही रुग्णांना मधूनच आत खोल कळ येते, विशेषतः पडद्याच्या कडेला काम चाललं असताना. पण टाका नाही, पट्टी नाही. काही तासांनी बाहुली पूर्ववत होते आणि माणूस घरच्यांबरोबर चालत घरी जातो. पडद्याला नुसती फाट असेल तर तिच्याभोवती ठिपक्यांच्या दोन-तीन ओळी काढतात. पुढच्या एक-दोन आठवड्यांत तिथे घट्ट व्रण धरतो.

इथपर्यंत लेझरचं काम समजायला सोपं आहे. पण याच किरणाने आणखी एक काम केलं, आणि ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं. मधुमेहात त्याने पडद्याचा बराचसा भाग मुद्दाम भाजून नजर वाचवली.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिजतात, पाझरतात, बंद पडतात. पडदा हा शरीरातल्या सर्वांत जास्त प्राणवायू लागणाऱ्या ऊतींपैकी एक. त्याला प्राणवायू कमी पडला की तो नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावतो. पण या नव्या वाहिन्या नाजूक आणि कमकुवत असतात. त्या पडदा सोडून पुढच्या जेलीत वाढतात, फुटतात, डोळ्यात रक्त उतरतं, आणि शेवटी त्यांच्याभोवतीची तंतुमय जाळी आकसून पडदाच ओढून काढते. माणूस तरणाबांड असतानाही आंधळा होतो. १९६० च्या दशकापर्यंत यावर हाताशी जवळजवळ काही नव्हतं.

बॉस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमध्ये विल्यम बीथम आणि लॉइड एलो हे डॉक्टर मधुमेहींचे डोळे वर्षानुवर्षं तपासत होते. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ज्या डोळ्यांच्या पडद्यावर जुन्या आजाराचे व्रण विखुरलेले असत, त्या डोळ्यांना मधुमेहाचा हा उपद्रव क्वचितच होई. एकाच माणसाचा व्रण असलेला डोळा शाबूत आणि व्रण नसलेला डोळा आजारी, असंही दिसे. मग असे व्रण आपणच पाडले तर? त्यांनी माणकाच्या लेझरने ते पाडून पाहिले.

कल्पना धाडसाची होती आणि धोक्याचीही, म्हणून तिची पारख कसोशीने झाली. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुमारे १,७५० मधुमेही रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर प्रकाशाचा इलाज, दुसरा डोळा तसाच. कोणता डोळा हे नशिबावर सोडलेलं. एकाच शरीरातले दोन डोळे, तेच रक्त, तीच साखर, तेच वय. यापेक्षा चोख तुलना होणं कठीण. दोन वर्षांत उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी शेकडा सुमारे १६ डोळ्यांची नजर जवळपास गेली. उपचार केलेल्यांत हे प्रमाण शेकडा सहा-सात होतं. १९७६ मध्ये हे आकडे हाती आले तेव्हा ठरलेली मुदत संपायची होती. तरीही संशोधकांनी नियम बदलला आणि तोपर्यंत तसेच ठेवलेले धोक्यातले डोळेही उपचारासाठी खुले केले. जो उपाय नजर वाचवतो हे कळलं, तो रोखून धरायचा नाही, हा त्यांचा निर्णय मला त्या आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो.

या इलाजात अर्धा मिलिमीटर व्यासाचे १,२०० ते १,६०० ठिपके पडद्याच्या कडेच्या भागात विखरून देतात. हिशेब केला तर पडद्याचा जवळजवळ चौथा हिस्सा भाजला जातो. त्याची किंमत असते. अंधारात थोडं कमी दिसतं, कडेची नजर थोडी आखडते, काहींच्या पडद्याच्या मध्याला तात्पुरती सूज येते. पण मध्यबिंदू वाचतो, आणि वाचन, चेहरे, शिवण, हिशेब, रस्ता हे सगळं त्याच्या भरवशावर चालतं. कडेचा हिस्सा देऊन केंद्र राखायचं, असा हा सौदा.

पण भाजल्याने वाहिन्या का सुकतात? भाजलेल्या जागच्या दंडपेशी आणि शंकुपेशी गेल्या की त्यांना लागणारा प्राणवायू उरतो. पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा भरगच्च थर आहे. तिथला प्राणवायू या विरळ झालेल्या जागांतून आतल्या भुकेल्या थरांपर्यंत पोचतो. भूक भागली की पडदा नव्या वाहिन्यांसाठी हाका मारणं थांबवतो. ही हाक म्हणजे एखादं रसायन असावं, असा अंदाज आयझॅक मायकेलसन या नेत्रवैद्याने १९४८ मध्येच बांधला होता. ते रसायन हाती लागायला काही दशकं गेली. आज ते व्हीईजीएफ या नावाने ओळखलं जातं. १९९४ मध्ये मधुमेहींच्या डोळ्यातल्या द्रवात ते मोजलं गेलं. नव्या वाहिन्या जोरात असताना ते भरपूर होतं, आणि लेझर यशस्वी झाल्यावर ते खूप उतरलेलं होतं. हे मोजणाऱ्यांत प्रमुख होते लॉइड पॉल एलो, बीथम यांच्याबरोबर लेझरचे ठिपके देणाऱ्या लॉइड एलो यांचे चिरंजीव. वडिलांच्या पिढीने इलाज शोधला, आणि तो का लागू पडतो हे मुलाच्या पिढीने उलगडलं.

त्या उलगड्यातूनच हे रसायन अडवणारी इंजेक्शनं आली. २००५ नंतर त्यांनी चित्र पालटलं. पडद्याच्या मध्याला सूज असेल तर आज पहिला मान बहुधा इंजेक्शनचा असतो, आणि त्याने अनेकांची नजर सुधारतेसुद्धा. पण इंजेक्शनचा परिणाम उतरतो. ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. मध्येच खंड पडला तर आजार उसळी मारतो. लेझरचा डाग मात्र एकदा दिला की कायमचा. जो रुग्ण दर महिन्याला तालुक्याहून शहरात येऊ शकत नाही, मजुरी बुडवू शकत नाही, त्याच्यासाठी साठ वर्षांहून जुना हा किरण अजूनही मोठा आधार आहे. लेझर की इंजेक्शन, की दोन्ही, हे डोळा आणि माणूस दोघांकडे पाहून ठरतं.

याच किरणाचं आणखी एक काम आहे, आणि ते आपल्याकडे फार निकडीचं आहे. गर्भात बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या चौथ्या महिन्याच्या सुमारास मध्यापासून कडेकडे वाढू लागतात आणि पूर्ण दिवस भरतात तेव्हा कडेला पोचतात. बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं तर ही वाढ वाटेतच अडते. पुढचा रक्ताविना राहिलेला भाग पुन्हा तीच हाक मारतो, आणि तोच विस्कळीत वाहिन्यांचा पसारा सुरू होतो. या आजाराला आरओपी म्हणतात. वेळेत पाहिलं नाही तर काही आठवड्यांत पडदा सुटतो आणि बाळ जन्मभरासाठी आंधळं होतं. बाहेरून डोळा अगदी नीट दिसतो, आई-वडिलांना काहीच कळत नाही.

इथे डॉक्टर यंत्र डोक्यावर चढवतात. बाळाला दुपट्यात गुंडाळलेलं असतं, पापण्या चिमुकल्या चिमट्याने उघड्या ठेवलेल्या असतात, शेजारी बालरोगतज्ज्ञ बाळाच्या श्वासाकडे आणि नाडीकडे डोळे लावून उभे असतात. कपाळावरच्या दिव्यातून येणारा किरण हातातल्या भिंगातून त्या इवल्या डोळ्यात जातो, आणि रक्ताविना राहिलेल्या भागावर एकेक करत शेकडो ठिपके पडतात. इलाज ठरल्यापासून तो दोन-तीन दिवसांच्या आत व्हायला हवा. ज्या बाळाला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं पाहायची आहेत, त्याची नजर त्या तासाभरात राखली जाते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण लेझर मारून घ्यायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, 'डॉक्टर, यानंतर नीट दिसायला लागेल ना?' लेझर मुख्यतः आहे ती नजर राखतो. गेलेली परत आणण्याचा भरवसा त्यात नाही. म्हणून या साऱ्या किमयेचा उपयोग आपण किती वेळेवर पोचतो यावर अवलंबून आहे. आणि पडद्याचा आजार सुरुवातीला दुखत नाही, डोळा लाल होत नाही, चष्म्याचा नंबरही बदलत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेले १० कोटींहून जास्त लोक आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांना आपला पडदा कसा आहे हे ठाऊक नाही, कारण तो कुणी पाहिलेलाच नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे. तुम्हाला किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, तर दिसत चांगलं असलं तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. प्रौढपणी मधुमेह निघाला असेल तर तो कळल्याबरोबर पहिली तपासणी करा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले, विजेसारखी चमक दिसू लागली किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि ओळखीत कुणाचं बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल, तर त्याचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत दाखवायला सांगा. फारच लवकर जन्मलेल्या बाळासाठी ही मुदत दोन ते तीन आठवड्यांचीच असते. या तपासणीला काही मिनिटं लागतात. ती वेळेत झाली, तरच हा किरण नजर वाचवू शकतो.